पार्सल पोचलं, पण "मला मिळालंच नाही"!

मागच्या अंकात घरून विक्री करणाऱ्यांसाठी पॅकिंगबद्दल लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि मेल आल्या त्यात पॅकिंगचे प्रश्न दोनचारच, बाकी सगळे एकाच गोष्टीने हैराण झालेले, की माल पाठवला, ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" दिसतंय आणि कस्टमर म्हणतोय मिळालं नाही. मी अकरा वर्षं साताऱ्याहून गोधड्या पाठवतेय, त्यामुळे हा अनुभव मलाही नवा नाही आणि तेव्हा पोटात कसा गोळा येतो तेही माहितीये. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिलीये.

प्रश्न : आमच्या घरी पैठणी विणतात, मी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकते. ठाण्याच्या एका ताईंनी ९,५०० ची साडी घेतली, पैसे यूपीआयने आधीच दिले. मी कुरियरने पाठवली, तिसऱ्या दिवशी डिलिव्हर्ड दाखवलं. आठ दिवसांनी त्यांचा मेसेज, साडी मिळालीच नाही, पैसे परत करा नाहीतर सायबरला तक्रार करते. माझ्याकडे फक्त ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट आहे. तेवढा पुरेल का?
— एक वाचक, येवला

उत्तर : ताई, नुसता स्क्रीनशॉट नाही पुरणार. "डिलिव्हर्ड" या शब्दाचा अर्थ एवढाच की कुरियरवाल्याने त्याच्या मशीनवर ते बटण दाबलं. कोणाच्या हातात दिलं, कुठल्या दारात दिलं, की गेटवर ठेवून गेला हे त्यात कुठेच येत नाही. तुम्हाला हवाय तो पीओडी, म्हणजे प्रूफ ऑफ डिलिव्हरी, आपण ज्याला पोचपावती म्हणतो ती. आजच्या आज ज्या ऑफिसात बुकिंग केलं तिथे जा, फोनवर "बघतो मॅडम" म्हणतात आणि दिवस जातात म्हणून स्वतः जा, आणि लेखी मागा. मेल केलात तर उत्तम कारण तारीख राहते. पीओडीवर बघायचं काय, तर घेणाऱ्याचं नाव, सही, वेळ, असला तर फोटो, असलं तर लोकेशन, आणि ओटीपी घेऊन दिलं असेल तर त्याची नोंद. नुसता वेडावाकडा फराटा असेल आणि नाव नसेल तर तो पुरावा लंगडा आहे, तेव्हा ब्रँचला विचारा की त्या दिवशी त्या एरियात कोण मुलगा होता, त्याला सहसा आठवतं.

पण हे सगळं करताना त्या ताईंना खोटं ठरवून बोलू नका ही माझी कळकळीची विनंती आहे, आणि ती का करतेय ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी पुण्याला एक डबलबेडची गोधडी पाठवली होती. दुपारी चार वाजता डिलिव्हर्ड. संध्याकाळी फोन, आम्ही दिवसभर घरीच होतो, कोणी आलं नाही. मी जरा तोडूनच बोलले त्यांना. पीओडी मागवला तर त्यावर व्यवस्थित सही होती आणि आडनाव भलतंच. मग लेबलचा फोटो काढून बघितला तर मी ३०२ लिहिलंय, सोसायटीचं नाव लिहिलंय आणि विंग लिहिलेलीच नाही! ए विंगच्या ३०२ मधल्या आजींनी सही करून घेतलं होतं, मुलाने काही मागवलं असेल असं समजून त्यांनी ते दिवाणावर ठेवून दिलं होतं, न उघडता. गोधडी तासाभरात मिळाली पण मी त्या बाईंशी जे बोलले ते काही परत घेता आलं नाही, त्यांनी पुन्हा माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. तेव्हापासून लेबल लिहिल्यावर त्याचा फोटो कस्टमरला पाठवते आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्याशिवाय पार्सल घराबाहेर काढत नाही. यात दोन कामं होतात, चूक सापडते आणि पत्ता कस्टमरनेच मान्य केलाय हे लेखी राहतं.

तर त्यांना आधी शांतपणे विचारा की वॉचमनकडे, शेजारी, खालच्या दुकानात चौकशी केली का. ठाणे-मुंबईच्या बऱ्याच सोसायट्यांत आता गेटवर अ‍ॅपमध्ये एंट्री होते, कोण कुरियरवाला किती वाजता कुठल्या फ्लॅटसाठी आला ते त्यात दिसतं, आणि ती एंट्री त्या स्वतःच्या फोनवर बघू शकतात. प्रामाणिक माणूस लगेच बघतो. जो बघायलाच तयार होत नाही, फक्त पैसे पैसे करतो, तिथे मात्र सावध व्हा.

सायबरच्या धमकीने घाबरू नका पण ती हसण्यावारीही नेऊ नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर कोणी "ऑनलाइन फसवणूक" म्हणून तक्रार टाकली तर तुमच्या खात्यात तेवढ्या रकमेवर बँक होल्ड लावू शकते, म्हणजे ती गोठवून ठेवू शकते, आणि लहान विक्रेत्याचं एकच खातं असतं, तेच अडकलं की दोऱ्याचे पैसे, लाइटबिल सगळंच अडकतं. तसं झालंच तर बँकेकडून तक्रारीचा नंबर आणि कुठल्या पोलीस ठाण्याकडे आहे ते घ्या आणि बिल, चॅट, लेबलचा फोटो, कुरियरची पावती, पीओडी असा एकत्र संच बँकेला आणि तपास अधिकाऱ्यांना पाठवा. हा संच आधीपासून तयार असेल तर "फसवलं" हे म्हणणं टिकवणं समोरच्याला फार जड जातं. आणि पीओडीमध्ये खरंच काही सापडलं नाही, कुरियरलाच सांगता येत नसेल कोणाला दिलं, तर मग ताई मनाची तयारी ठेवा, पैसे तुम्हालाच परत करावे लागतील आणि कुरियरकडे तुम्ही भरपाई मागायची. सन १९३० च्या माल विक्री कायद्यात (कलम ३९) असं आहे की माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की सकृतदर्शनी तो खरेदीदाराला दिला असं धरतात, आणि काही विक्रेते तेवढंच वाक्य कस्टमरच्या तोंडावर फेकतात. पण त्याच कलमात पुढे हेही आहे की विक्रेत्याने वाहतुकीची व्यवस्था मालाला शोभेल अशी करायला हवी, नाहीतर खरेदीदार ते मान्य करायला बांधील नाही. साडेनऊ हजारांची पैठणी विमा न काढता, ओटीपी न लावता साध्या कुरियरने पाठवली तर आपली बाजू तिथेच पडते.

प्रश्न : मग पोस्टाने पाठवलेलं बरं का? आधी आम्ही रजिस्टर्ड पार्सल करायचो, आता पोस्टात सांगतात रजिस्टर्ड बंद झालं.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : रजिस्टर्ड बंद झालं म्हणजे २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, सोय गेलेली नाहीये, फक्त आता ती मागून घ्यावी लागते. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं, म्हणजे घरातल्या कोणीही घेतलं तरी चालतं. त्याच्यावर "रजिस्ट्रेशन" घेतलं की ते ज्याच्या नावाने आहे त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हातात, सही घेऊन. १ ऑक्टोबर २०२५ पासून याला ५ रुपये अधिक जीएसटी आणि ओटीपी डिलिव्हरी हवी असेल तर तिचेही वेगळे ५ रुपये अधिक जीएसटी असा दर आहे. चहाच्या पैशात एवढं संरक्षण दुसरीकडे कुठे मिळत नाही, पण काउंटरवर आपणहून कोणी विचारत नाही, आपणच सांगायचं, आणि पावतीवर ते छापून आलंय का बघूनच खिडकी सोडायची.

ओटीपीचं एक लक्षात ठेवा, कस्टमरला आधीच मेसेज करून ठेवा की पोस्टमन दारात आल्यावर, पार्सल हातात बघूनच ओटीपी सांगा. फोनवर कोणी "मॅडम ओटीपी द्या, मी येतोच" म्हणालं तर द्यायचा नाही. आणि मोबाइल नंबर कस्टमरचा घाला, बरेच जण दोन्हीकडे स्वतःचाच नंबर टाकतात आणि मग ओटीपी येतो आपल्याला.

पावतीवरचा तेरा अक्षरांचा नंबर, पुढे दोन अक्षरं, मधे नऊ आकडे आणि शेवटी आयएन, तो त्याच दिवशी कस्टमरला टाका. डिलिव्हरी झाली की ट्रॅकिंगचा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा कारण साइटवर ती माहिती कायम राहत नाही. शिवाय पावतीचा कागद थर्मल असतो, उन्हाळ्यात दोन महिन्यांत कोरा होतो, माझ्याकडे अशी एक अख्खी पांढरी फाइल आहे म्हणून सांगतेय, घरी आल्या आल्या फोटो काढा.

प्रश्न : मी लाकडी खेळणी विकतो. एका गिऱ्हाईकाने पार्सल घेतलं, सही केली आणि मग म्हणाला की खोक्यात नुसती रद्दी होती. आता पोचपावतीचा काय उपयोग?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दादा, इथे पोचपावतीपेक्षा बुकिंगची पावती कामाची आहे. तिच्यावर वजन छापलेलं असतं ना ग्रॅममध्ये! समजा तुमची पावती १,८५० ग्रॅम म्हणतेय आणि तेच खोकं रद्दी भरून तुम्ही काट्यावर ठेवलं तर ते पाचसहाशेच्या वर जात नाही, तर मग एवढी रद्दी त्यात बसली कशी हे त्याने सांगायचं. तुम्ही सगळं तोलून त्याचा फोटो पाठवा, वाद घालू नका, फक्त दोन फोटो शेजारी ठेवा. एकच काळजी घ्या, कुरियरवाले कधीकधी आकारमानावरून वजन लावतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये आणि भागिले ५,०००, आणि तेच पावतीवर येतं. खेळण्यांचं खोकं मोठं आणि हलकं, म्हणजे तुमच्या बाबतीत ते होणारच. म्हणून खरं वजन वेगळं लिहून मागा, नाहीतर आपलाच पुरावा आपल्यावर उलटतो.

यापुढे पॅकिंगचा व्हिडिओ करा पण तो तुकड्यातुकड्यात नको. खेळणी टेबलावर, मग खोक्यात, मग टेप, मग लेबल चिकटवलं, मग काट्यावर, सगळं एकाच सलग शॉटमध्ये आणि लेबलवरचा नंबर वाचता यायला हवा. कट दिसला की समोरचा म्हणणार मधे बदललं. टेपवर, जिथे दोन कडा एकमेकींवर येतात तिथे मार्करने आडवी सही करा, खोकं वाटेत कोणी उघडून पुन्हा चिकटवलं असेल तर ती सही जुळत नाही. कारण हेही शक्य आहे दादा, की गिऱ्हाईक खरं बोलतंय आणि माल वाटेत काढला गेलाय. त्याच्याकडे खोक्याचे सगळ्या बाजूंचे फोटो मागा, सही तुटलेली दिसली तर तुम्ही दोघं एका बाजूला आणि वाहतूकवाला दुसऱ्या बाजूला. उघडतानाचा व्हिडिओ पाहिजे ही अट घालायची असेल तर ती ऑर्डर घेतानाच सांगा, तक्रार आल्यावर सांगितलेली अट कोणी मानत नाही आणि मानूही नये.

प्रश्न : माझी छोटी वेबसाइट आहे, पेमेंट गेटवेने कार्डचे पैसे येतात. गेटवेची मेल आलीये की कस्टमरने बँकेत चार्जबॅक टाकला, अमुक दिवसांत पुरावे द्या. पोचपावती आहे माझ्याकडे, जिंकेन ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चार्जबॅक म्हणजे कस्टमरने आपल्या बँकेमार्फत कार्डचे पैसे परत मागणं. मेलमध्ये कारण काय दिलंय ते आधी वाचा, सगळं त्यावर आहे. व्हिसा या कार्ड कंपनीच्या कारणांच्या यादीत १३.१ म्हणजे माल मिळाला नाही, १३.३ म्हणजे सांगितल्यासारखा नाही किंवा खराब, आणि १०.४ म्हणजे कार्डधारक म्हणतोय की हा व्यवहार मी केलाच नाही. पहिल्यात तुमची पोचपावती हा हुकमाचा एक्का आहे. दुसऱ्यात तिचा उपयोग जवळपास शून्य, माल पोचला हे तर तोही मान्य करतोय! तिथे लागतात साइटवरचे तुम्ही टाकलेले फोटो, वर्णन, मापं आणि चॅट. तिसऱ्यात कार्डधारकाचं नाव, बिल आणि डिलिव्हरीचा पत्ता एकमेकांशी जुळतात का आणि पेमेंट करताना बँकेचा ओटीपी लागला होता का हे गेटवेकडून काढून घ्यायचं. मी बघितलंय, बायका बिचाऱ्या घाबरून तीनही प्रकारांत तीच पोचपावती पाठवतात आणि हरल्या की म्हणतात पुराव्याला किंमत नाही.

मुदत चुकवू नका, उत्तर नाही गेलं तर पैसे आपोआप कस्टमरकडे. पाच-सहा पानांचं एकच पीडीएफ करा, पहिल्या पानावर तारखांसकट चार ओळी, ऑर्डर कधी, पाठवलं कधी, पोचलं कधी, कोणी घेतलं. बँकेत ते वाचणाऱ्याला तुमची गोष्ट ऐकायला वेळ नसतो. आणि कार्डवाल्याला तक्रारीसाठी साधारण १२० दिवस मिळतात, म्हणून महिनाभर काही आलं नाही म्हणून कागद टाकून देऊ नका.

प्रश्न : अमेरिकेतल्या एका मराठी मंडळातल्या बाईंनी माझी मोठी वारली पेंटिंग्ज घेतली, ८०० डॉलर पेपालने आले. त्या म्हणतात मी पुढच्या आठवड्यात बहिणीकडे असेन, तिच्या पत्त्यावर पाठवा. पाठवू का?
— एक वाचक, डहाणू

उत्तर : असं नका पाठवू. पेपाल या ऑनलाइन पेमेंट कंपनीचं सेलर प्रोटेक्शन, म्हणजे वाद झाल्यास विक्रेत्याला मिळणारं संरक्षण, त्यांच्या ट्रान्झॅक्शन डिटेल्समध्ये जो पत्ता दिसतो त्याच पत्त्यावर पाठवलं तरच लागू होतं, मेसेजवर सांगितलेल्या पत्त्यावर नाही. बाई अगदी सज्जन असतील पण उद्या वाद झाला तर बहिणीच्या घरची सही पेपाल तुमच्या बाजूने धरणार नाही. त्यांना प्रेमाने सांगा की मी पैसे परत करते, तुम्ही बहिणीचा पत्ता घालून पुन्हा पेमेंट करा. शिवाय ७५० डॉलर आणि त्यापुढच्या रकमेला त्यांना नुसती डिलिव्हरी चालत नाही, सही घेतल्याचा पुरावा लागतो, तुमची रक्कम त्यात बसते. पोस्टाच्या ईएमएसने, म्हणजे परदेशी स्पीड पोस्टने, पाठवलंत तर आपलाच तेरा अक्षरी नंबर अमेरिकन पोस्टाच्या साइटवरही चालतो आणि शेवटची डिलिव्हरी तिथूनच बघायची, आपल्याकडच्या साइटवर कधीकधी ती उशिरा चढते. पेपालमध्ये खरेदीदार १८० दिवसांपर्यंत वाद टाकू शकतो, तोपर्यंत सगळं जपून ठेवा.

प्रश्न : कस्टमर म्हणतो साडीचा रंग फोटोसारखा नाही. माझ्याकडे सहीची पोचपावती आहे आणि मी "नो रिटर्न" लिहिलेलं आहे. तरी परत घ्यायचं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोचपावती मधे आणूच नका, वाद मिळालं की नाही याचा नाहीचे. तुमचा फोटो आणि साडी दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून स्वतः बघा. रंग खरंच वेगळा असेल तर परत घ्या. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्मवर विकणाऱ्याला सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, आणि "नो रिटर्न" लिहिल्याने ते बदलत नाही. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर विकत असलात तरी ग्राहक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकतोच. मला स्वतःला वाटतं की पुरावे गोळा करायचे ते खोट्या तक्रारीसाठी, खऱ्या तक्रारीला त्यांच्या आड जायचं नाही.

प्रश्न : आम्ही लोणची-पापड रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो, ड्रायव्हरला शंभर रुपये देतो, सकाळी कस्टमर स्टॉपवर घेतो. यात कसली आली पावती?
— एक वाचक, लातूर

उत्तर : पावती नाहीच, म्हणून ती आपणच तयार करायची. बसमध्ये ठेवताना पार्सलचा आणि बसच्या नंबरप्लेटचा फोटो, तो ड्रायव्हरच्या मोबाइल नंबरसकट कस्टमरला. पार्सलवर मोठ्या अक्षरात चार आकडे लिहा, ते फक्त कस्टमरला सांगा आणि ड्रायव्हरला सांगा की जो हे आकडे सांगेल त्यालाच द्यायचं. सकाळी कस्टमरकडून "मिळालं, झाकण नीट आहे" एवढा मेसेज घ्या, लगेच घ्या, दुपारी नाही. महाग माल असेल तर हा रस्ता सोडा आणि ट्रॅव्हल्सच्या पार्सल ऑफिसात रीतसर पावती करा. तिथे थोडे जास्त लागतील पण बरणी फुटली तर जाब विचारायला काउंटरच्या पलीकडे कोणीतरी उभं असेल.